पिकोफॅरडचा हिशेब

लता मंगेशकरांचा ‘स’ कानाला टोचतो, हे मानायला माझं मन तयार नव्हतं. ‘शिवकल्याण राजा’ची 1974 सालची तबकडी मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, तो आवाज कसा लागतो ते मला माहीत आहे. पण टर्नटेबलवर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम95ई हे नवं कार्ट्रिज बसवल्यापासून ‘स’, ‘श’ आणि ‘च’ चरचरायला लागले होते. त्याच वेळी किशोरीताई आमोणकरांच्या भूपामागचा तानपुरा मात्र कुणीतरी पांघरूण घातल्यासारखा झाकलेला. आवाज कर्कश आणि तोच कोंदटही! कर्कश असेल तर ट्रेबल कमी करता येतो, कोंदट असेल तर वाढवता येतो. दोन्ही एकदम असेल तर नॉबला हात लावून काहीच साधत नाही.

सुई स्वच्छ होती. वजन बरोबर 2 ग्रॅम होतं. कार्ट्रिजचा कोन पुन्हा लावून पाहिला. मित्रांनी महागडी सुई घ्यायला सुचवलं, आणि या मालिकेत नुसती सुई बदलता येते, त्यामुळे मोहही झाला. पण कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात एक ओळ होती, जिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही: लोड 47 किलोओहम, 100 ते 200 पिकोफॅरड. मी तिच्यामागे लागलो.

या जातीच्या कार्ट्रिजमध्ये सुईबरोबर इवलंसं चुंबक हलतं आणि शेजारच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. वेटोळं हजारो फेऱ्यांचं, म्हणून त्याचा इंडक्टन्सही मोठा. व्हीएम95ईचा 550 मिलिहेन्री. पुढे जोडलेल्या वायरला आणि फोनो प्रीअँपला स्वतःचा कपॅसिटन्स असतो. इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स एकत्र आले की एका ठरावीक कंप्रतेला रेझोनन्स होतो: तिथे आवाज उचलला जातो आणि त्याच्या वर झपाट्याने गळतो. म्हणजे कार्ट्रिज एकटं वाजतच नाही. वायर आणि प्रीअँप धरूनच त्याचा आवाज ठरतो.

मग मी मल्टिमीटर काढला. टर्नटेबलची दीड मीटरची वायर दोन्ही टोकांनी सोडवली, एक प्रोब मधल्या पिनला, दुसरा बाहेरच्या कड्याला. आकडा आला 230 पिकोफॅरड. टोनआर्मच्या आतल्या बारीक तारांचे 30. प्रीअँप उघडला तर इनपुटपाशी मातकट रंगाची, शर्टाच्या बटणापेक्षा लहान सिरॅमिक चकती उभी होती, अंगावर 221 छापलेलं. याचा अर्थ 22 आणि पुढे एक शून्य, 220 पिकोफॅरड. एकूण 480. सांगितलेल्या कमाल मर्यादेच्या दुपटीहून जास्त!

सूत्रात घातलं तर रेझोनन्स येतो सुमारे 9,800 हर्ट्झला. ‘स’ आणि ‘श’चं सीत्कारणं साधारण 5 ते 10 हजारांच्या पट्ट्यात असतं. त्याच पट्ट्याच्या टोकाशी सुमारे 3 डेसिबलचा उंचवटा, आणि त्यापुढे उतार. कर्कश का आणि कोंदट का, दोन्हींची उत्तरं एकाच गणितात निघाली. मला त्या क्षणी झालेला आनंद अजून आठवतो.

सोपा उपाय आधी करून पाहिला. प्रीअँपच्या इनपुटला 100 किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडला, म्हणजे 47चे झाले सुमारे 32. उंचवटा दबला, ‘स’ टोचेनासा झाला. पण तानपुऱ्याची जवारी आणखीच मावळली, कारण रेझोनन्स होता तिथेच राहिला होता. रेझिस्टरने उंचवट्याची धार कमी होते, जागा बदलत नाही. जागा बदलायची तर कपॅसिटन्सच कमी करायला हवा.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत 101 छापलेला कपॅसिटर मागितला. “काका, किती व्होल्टचा देऊ?” दुकानदाराने विचारलं. इथे मिलिव्होल्टचा मामला. 50 व्होल्टचा पुष्कळ झाला. जुनी चकती काढून त्या जागी 100 पिकोफॅरडला डाग दिला. पूर्ण काढून टाकला नाही, कारण तो रेडिओ लहरींचा उपद्रवही अडवतो. वायर बनवली डिश टीव्हीच्या आरजी-6 केबलची, 80 सेंटिमीटर. ताठ आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण मीटरला जेमतेम 43 पिकोफॅरड. एकूण हिशेब 175च्या आत. रेझोनन्स 16 हजारांच्या पुढे आणि उंचवटा नाममात्र.

‘शिवकल्याण राजा’ पुन्हा लावली. ‘स’ आता आवाजाचा भाग होता, वेगळा चिकटवलेला नव्हता. आणि भूपात तानपुऱ्याच्या तारा सुटताना जो झंकार उठतो, तो षड्जाच्या वर तरंगताना ऐकू आला. कार्ट्रिज तेच, सुई तीच.

कमी कपॅसिटन्स म्हणजे सरसकट चांगला, असंही नाही. श्युअरच्या जुन्या व्ही15 टाइप 3ला 400 ते 500 पिकोफॅरड लागतात; त्याला माझी ही वायर जोडली तर वरच्या पट्टीचा समतोल बिघडेल.

चुंबकाऐवजी वेटोळंच हलतं, त्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा प्रकार निराळा. डेनॉनच्या डीएल-103चं वेटोळं 40 ओहमचं. तिथे पिकोफॅरडची फिकीर नाही, रेझिस्टन्स पाहायचा. पण लोड 100वरून 1000 ओहम केला की आवाज अडीच डेसिबलने वाढतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. व्हॉल्यूम सारखा करून मगच निवाडा करावा.

तुमच्याही तबकड्यांचा ‘स’ टोचत असेल तर नव्या सुईवर हजारो रुपये घालण्याआधी माहितीपत्रकातली लोडची ओळ वाचा, वायर सोडवा आणि मल्टिमीटर लावून बेरीज करा.