जुनं विमान, नवा पंखा

माझा मोबाइल दोन वर्षांचा झाला की मला तो म्हातारा वाटायला लागतो. लॅपटॉप तीन वर्षांत, नोकरी दीड वर्षात (म्हणूनच तर फ्रीलान्सिंग!). त्यामुळे २०२४च्या जुलैमध्ये शिकागोजवळच्या एका छोट्या विमानतळावर माझ्या मामेभावाने हँगरचं दार सरकवलं आणि "ही आमची राणी" म्हणून जे काही दाखवलं, ते बघून मी गारच पडले. सेस्ना १७२, मॉडेल १९७५चं. माझ्यापेक्षा एकवीस वर्षांनी मोठं! सीटचं रेक्झिन उसवलेलं, दाराची कडी थेट आजोबांच्या फियाटची आठवण करून देणारी. आणि नाकावर मात्र काळाकुळकुळीत, चकाचक पंखा. नऊवारीवर गॉगल घालावा तसा.

"यातून आपण ऑशकॉशला जायचं?"

"यातूनच," दादा म्हणाला. वहिनी मागे डबा घेऊन उभी होती. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ती काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं मला तेव्हा कळलं नव्हतं.

आधी ऑशकॉशबद्दल. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, विनेबॅगो तळ्याच्या काठी वसलेलं हे साठ-सत्तर हजार वस्तीचं गाव. १९५३ साली हौशी विमानं बनवणाऱ्यांनी ईएए ही संघटना काढली आणि १९७० पासून तिचा वार्षिक मेळा इथे भरतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात साडेसहा लाखांहून जास्त माणसं आणि दहा हजारांहून जास्त विमानं! त्या आठवड्यात इथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात बिझी टॉवर असतो. मी पुण्याहून निघाले तेव्हा आषाढी नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे माझ्या डोक्यात एकच शब्द आला : वारी. फक्त हे वारकरी उडत येतात आणि विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकतात.

आता त्या काळ्या पंख्याची गोष्ट. ती मला वहिनीने सांगितली, आदल्या रात्री भांडी आवरताना.

आधीच्या सप्टेंबरमध्ये दादा एका गवताच्या धावपट्टीवर उतरत होता. विमानाने टप्पा खाल्ला, उसळलं. दादाने घाबरून नाक खाली दाबलं. चाकाच्या आधी पंख्याचं टोक जमिनीला लागलं. कुणाला खरचटलंही नाही. पण अॅल्युमिनियमची पाती केळीच्या सालीसारखी वळली.

आणि खर्च नुसत्या पंख्याचा नसतो. पंखा फिरताना जमिनीवर आपटला की तो धक्का सरळ इंजिनच्या क्रँकशाफ्टला जातो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत बारीक चीर असू शकते. म्हणून इंजिन पूर्ण उघडून तपासावं लागतं. दादाच्या विमानात तीन पार्टनर. एकाचं म्हणणं पडलं, विकून टाकू. दादाने हट्ट धरला, ठेवायचं, आणि नवा पंखा घालायचा तो काँपोझिटच. "इंजिन महिन्याभरात जोडून झालं," वहिनी म्हणाली. "हा मात्र अजून सुटासुटाच आहे. रात्री झोपेत पाय दाबतो, ब्रेक मारल्यासारखा."

मे महिन्यात नवा पंखा बसला. त्यानंतर दादाने इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून वीसेक तास प्रॅक्टिस केली. पण घरचं माणूस घेऊन तो उडाला नव्हता. पहिली मी!

सकाळी दादाचा मेकॅनिक आला होता, पंख्याचे बोल्ट पुन्हा एकदा बघायला. सत्तरीचा माणूस, हातात टॉर्क रेंच. मी पत्रकार, गप्प कशी बसणार? विचारलं, "यात एवढं काय विशेष?"

त्याने मला पंख्यासमोर उभं केलं. जुना पंखा ७५ इंचांचा, मिनिटाला २७०० फेरे मारायचा. म्हणजे टोकाचा वेग ताशी साडेनऊशे किलोमीटरच्या वर! त्यात सिलिंडर एकामागून एक पेटतात, प्रत्येक ठोका पात्यांना बसतो. धातूला असे कोट्यवधी ठोके बसले की तो थकतो. धावपट्टीवरचा एखादा खडा उडून पात्याला टवका गेला, तर तिथूनच चीर सुरू होऊ शकते. म्हणून तो टवका कानशीने घासून गुळगुळीत करतात. प्रत्येक वेळी पातं थोडं थोडं कमी होतं आणि एक दिवस मापात बसेनासं होतं.

काँपोझिट पात्यात कार्बनचे किंवा काचेचे धागे रेझिनमध्ये बसवलेले असतात. ते थरथर स्वतःच जिरवतात, वजनाला हलके असतात. कडेला धातूची पट्टी असते, खडे-पाऊस झेलायला. बरेचसे टवके भरून पातं पुन्हा मूळ मापात आणता येतं. जमिनीला लागलं तर ते वळत नाही, तुटतं, आणि इंजिनला धक्का कमी पोचतो. (इंजिन तपासावं मात्र तरीही लागतंच!) मग सगळे हेच का लावत नाहीत? कारण साधं आहे, पैसा. धातूचा पंखा स्वस्त, दणकट आणि कुठल्याही मेकॅनिकच्या ओळखीचा.

शिवाय मनाला येईल तो पंखा लावता येत नाही. सेस्ना १७२ हे जगात सर्वांत जास्त संख्येने बनलेलं विमान, ४४ हजारांहून जास्त. पण त्यालाही तुमच्या मॉडेलसाठी आणि इंजिनसाठी अमेरिकी सरकारच्या एफएएने मंजूर केलेलाच पंखा हवा. मग दोन्ही पाती एकाच रेषेत फिरतात का ते बघायचं, इंजिन चालू करून कंपनं मोजायची, चिमूटभर वजनं लावून तोल साधायचा. नाक हलकं झालं म्हणून सगळ्या विमानाच्या वजनाचा हिशेब नव्याने मांडायचा. आणि सही करून लॉगबुकात नोंद.

"नाक हलकं झालंय, उतरताना वर धरायला सोपं जातं," दादा मध्येच म्हणाला. जरा जास्तच उत्साहाने.

म्हाताऱ्याने रेंच पेटीत ठेवला. "पंखा हलका झालाय," तो म्हणाला. "तुझा हात नाही."

दादाने मान हलवली. हसला नाही.

आम्ही उडालो. खाली मक्याची शेतं, लाल कोठारं, मध्येच तळी. दीड तासाने रिपन नावाचं गाव आलं आणि खरी मजा (माझं टेन्शन!) सुरू झाली. इथून सगळी विमानं एका रांगेत येतात, एकमेकांपासून अर्ध्या मैलावर, ९० नॉट वेगाने, १८०० फुटांवर, आणि खालच्या रेल्वेच्या रुळांवरून फिस्क नावाच्या खेड्याकडे जातात. तिथे एका टेकाडावर गुलाबी टी-शर्ट घातलेले कंट्रोलर दुर्बीण घेऊन बसतात. पायलटने रेडिओवर बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. ते विमानाच्या रंगावरून हाक मारतात : "निळ्या-पांढऱ्या सेस्ना, पंख हलवा!" दादाने पंख हलवले. "छान हलवलेत! धावपट्टी २७, हिरवा ठिपका."

धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. एकाच पट्टीवर एकाच वेळी दोन-तीन विमानं वेगवेगळ्या ठिपक्यांवर उतरतात. आमच्या पुढे एक पिवळं विमान उतरत होतं, मागे आणखी एक होतंच. मी दादाच्या हाताकडे बघत होते. बोटं पांढरी पडली होती.

जमीन जवळ आली आणि वाऱ्याच्या एका झुळकीने विमान पुन्हा वर उचललं गेलं. थोडंसंच, दोन-चार फूट. मला विमानातलं काही कळत नाही, पण वहिनीने सांगितलेलं आठवलं. हाच तो क्षण, नाक दाबायचा. दादाने दाबलं नाही. इंजिनला जरासा जोर दिला, नाक होतं तसंच धरून ठेवलं आणि थांबला. मी मनात तीन अंक मोजले असतील. मागची चाकं टेकली. मग, बऱ्याच वेळाने, नाक.

नारिंगी जॅकेटवाल्या स्वयंसेवकांनी हातातली निशाणं हलवून आम्हाला गवतात वळवलं. मी काचेत कागद धरला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत जीएसी. म्हणजे आम्ही विमानापाशी मुक्काम करणारे. इंजिन बंद झालं, काळा पंखा चक् चक् करत थांबला. दादाने पँटला हात पुसले आणि घरी फोन लावला.

"उतरलो."

"नीट?" वहिनीचा आवाज मलाही ऐकू आला.

"नीट."

त्यानंतर ती जे रडली, ते फोन ठेवल्यावरच रडली असणार. दादा पाच मिनिटं पंख्याला टेकून उभा होता. (मोठा गुन्हा! इंजिन बंद असलं तरी पंख्यापासून लांब राहायचं, हे त्यानेच मला सकाळी दहादा बजावलं होतं.)

पुढचे तीन दिवस म्हणजे नुसती चंगळ. पहाटे दवात भिजलेली विमानांची रांग, दुपारी गरमागरम चीज कर्ड्स, बुधवारी रात्री अंधारात दिव्यांच्या माळा लावलेल्या विमानांच्या कसरती. पण दादा मला सारखा प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ओढत होता, पंखे बघायला. तिथे एक गंमत कळली. १९०३ साली राइट बंधूंनी आपल्या विमानाचे पंखे स्प्रूसच्या लाकडातून कोरले होते. फिरणारा पंखा म्हणजे गोल फिरणारं विमानाचं पंखच, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. मग धातू आला आणि लाकूड मागे पडलं. आता जर्मनीतल्या स्ट्रॉबिंगजवळ एमटी ही कंपनी जे अत्याधुनिक काँपोझिट पंखे बनवते, त्यांच्या पोटात काय असतं? बीच आणि स्प्रूसचं लाकूड! वरून धाग्यांचं आवरण. जुनं टाकून दिलेलं नाही, आत घेतलेलं आहे.

जुना वाकडा पंखा दादाच्या हॉलमध्ये टांगलाय, जेवणाच्या टेबलासमोर. मला वाटलं, दादाची हौस. पण तो वहिनीने टांगलाय. "सरळ करून घेऊ का, छान दिसेल," असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "अजिबात नको. रोज दिसू दे."

पुण्यात परतले तेव्हा माझा फोन सव्वादोन वर्षांचा झाला होता. नवा घ्यायला निघाले आणि तापकीर गल्लीत जाऊन बॅटरी बदलून आले. बघू, किती उडतोय ते!

जायचंय? : मेळा दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. शिकागोला उतरून रस्त्याने सुमारे तीन तास, मिलवॉकीहून दीड तास. हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात, म्हणून तंबूची तयारी ठेवा. व्हिसाचं काम सगळ्यात आधी. टोपी, रेनकोट आणि आरामशीर बूट विसरू नका, चालणं भरपूर आहे. आणि पंखा कितीही चकचकीत असला तरी हात लावू नका!