सहावा लागला होता

“ताई, एकच डोस झालाय तुमचा. पास नाही मिळणार.”

टेबलापलीकडच्या मुलाने माझं सर्टिफिकेट परत सरकवलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. या गोष्टीला आता काही वर्षं झाली, पण स्टेशनाबाहेरून जाताना ती जागा दिसली की अजूनही पोटात ढवळून येतं.

तारीख 17 ऑगस्ट 2021. करोनाच्या लसीचे दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना 15 तारखेपासून लोकल खुली झाली होती. सर्टिफिकेट आणि ओळखपत्र दाखवायचं, झेरॉक्सवर शिक्का घ्यायचा आणि तो कागद खिडकीवर दिला की महिन्याचा पास. सुटं तिकीट मिळतच नव्हतं. गाड्या सुरू झाल्या म्हणून आमच्या ऑफिसनेही घरून काम बंद केलं. मी ठाण्याच्या पुढे राहते, ऑफिस ठाण्यात. मला सहावा महिना लागला होता.

मी लस टाळली नव्हती. एप्रिलमध्ये सासरे गेले. त्यांच्यासाठी ऑक्सिजनचा बेड शोधण्यात दोन रात्री गेल्या होत्या, त्यामुळे लसीची वाट मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. जूनच्या शेवटी अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी लस सुरू झाली तशी केंद्रावर गेले. तिथल्या सिस्टरने विचारलं, “दिवस गेलेत का?” हो म्हटल्यावर तिने यादीतलं माझं नाव खोडलं. गरोदर बायकांना लस द्यायची नाही, असा तेव्हा सरकारचाच नियम होता. 2 जुलैला केंद्र सरकारने तो बदलला. डॉक्टरांना विचारून मी 10 जुलैला पहिला डोस घेतला. दुसरा 84 दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबरात. त्यानंतर आणखी चौदा दिवस.

हे सगळं मी त्या टेबलापाशी उभी राहून सांगितलं. तारखा बोटांवर मोजून दाखवल्या. लस घेऊ नका असं तुम्हीच सांगितलंत, आता घेतली नाही म्हणून गाडीत बसू देत नाही, मग मी करायचं तरी काय? तो मुलगा वाईट नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. शेजारच्या बाईंना विचारून आला. “ताई, कळतंय. पण अॅपमध्ये दोन डोस दिसले तरच शिक्का मारायचा, असं सांगितलंय.” माझं म्हणणं कोणी खोटं ठरवलं नाही, रागावलंही नाही. पण ते मांडायला त्या टेबलावर जागाच नव्हती. मागे पाऊणशे माणसांची रांग. कुणीतरी म्हणालं, “अहो, आवरा.” मी उठले.

मग दोन महिने बस. लोकलने पंचवीस मिनिटांचा प्रवास शिळफाट्यावरून दीड तास, कधी दोन. श्रावण संपला, गणपती आले नि गेले, रस्त्यावरचे खड्डे तसेच. समोरच्या सीटचा लोखंडी दांडा पोटाला लागू नये म्हणून मी मध्ये डब्याची पिशवी धरायची. खड्डा आला की डबा फासळीत रुते, पण दांड्यापेक्षा ते बरं. बसमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि सर्टिफिकेट कोणी विचारत नव्हतं. मुंब्र्याला रस्ता रुळांजवळून जातो. तिथे शेजारून लोकल जायची, दारातही गर्दी नसलेली. मी खिडकीतून बघत राहायची. रोग अडवायचा म्हणून नियम होता ना? मग मला मोकळ्या डब्यातून काढून गच्च भरलेल्या बसमध्ये का घातलं? या प्रश्नाचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

त्याच दिवसांत माझा चुलतदीर लस घेणार नाही म्हणून हटून बसला होता. तो बाइकवरून कामाला जायचा, त्याचं काहीच अडलं नाही. “तुझ्यासारख्यांना धरून टोचलं पाहिजे,” असं मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले होते. तेव्हा मनापासून म्हणाले होते.

2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लसीची सक्ती कुणावर करता येणार नाही. स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या 21व्या कलमात येतो. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारने निर्बंध जरूर घालावेत, पण ते प्रमाणात असावेत. बातमी वाचली तेव्हा मांडीवर चार-पाच महिन्यांचं बाळ होतं. चुलतदिराचा लगेच फोन आला, “बघ, मी सांगत होतो.” मला आनंद व्हायला हवा होता, पण मी फोन ठेवून दिला. सासऱ्यांच्या वेळी लस हाताशी असती आणि कुणी सक्ती केली असती, तर मला चाललं असतं.

नियम करणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की टेबलावर बसवलेल्या माणसाला थोडा अधिकार द्या. “हिची गोष्ट वेगळी आहे” असं लिहून शिक्का मारायला त्याला एक ओळ तरी ठेवा. पोलिओच्या वेळी आशाताई दारात यायच्या, बाळाच्या आजीशी बोलत बसायच्या, पुन्हा पुन्हा यायच्या. त्यांनी कुणाची गाडी बंद केली नव्हती.

पण माझ्याच घरात मी याच्या उलट वागते. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि माझ्या भावाच्या खिशात रोज पुडी असते. परवा मी ती काढून संडासात टाकली. तो ओरडला, “तोंड माझं आहे, तुझं नाही.” मला ते टेबल आठवलं. तरीही खिशातली दुसरी पुडी मी काढून घेतलीच.