उकलणारं यंत्र

जुन्या लँड क्रूझरच्या पुढच्या चाकामागे वाकून पाहिलं की ॲक्सलच्या टोकाशी एक गुळगुळीत पोलादी गोल दिसतो. चाक डावी-उजवीकडे वळतं ते या गोलावरून. त्यावर ग्रीसचा पुसट ओलावा असेल तर काळजीचं कारण नाही. पण त्यावरून गंधकाच्या उग्र वासाचं पातळ, करडं तेल ओघळत खाली आलेलं असेल, तर आतलं ऑइल सील निकामी झालंय हे नक्की. रबराची ती छोटीशी चकती गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असते, पण तिच्यापर्यंत पोचायचं तर चाक, ब्रेकचा कॅलिपर, हब, बेअरिंग, स्टब ॲक्सल आणि सांधा एवढं सगळं एकेक करून बाजूला ठेवावं लागतं. एवढा खटाटोप घरच्या शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी करावा का, असा प्रश्न कुणीही विचारेल. माझं उत्तर हो असं आहे, आणि त्याचं मुख्य कारण पैशांची बचत हे नाही. झीज हा यंत्राचा स्वतःविषयीचा जबाब असतो. तो जबाब पुरता समजतो तो गाडी चालवणाऱ्यालाच, कारण कुठल्या वाटेवर, किती ओझ्यानं आणि कुठल्या घाईत ती झीज झाली हे त्यालाच ठाऊक असतं.

या गाड्यांचं ऑस्ट्रेलियाशी असलेलं नातं गरजेतून जुळलं. स्नोई पर्वतराजीतला प्रचंड जलविद्युत प्रकल्प १९४९ साली सुरू झाला. तिथे कंत्राटं घेणाऱ्या लेस्ली थीस यांनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जपानहून लँड क्रूझर मागवल्या. चिखल, चढ आणि बर्फ यांत त्या टिकल्या, आणि तिथून खाणींवर, गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर, तांबड्या मातीच्या रस्त्यांवर पसरल्या. ज्या मुलखात दोन गावांमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर असतं, तिथे गाडी जिथे बंद पडेल तिथेच तिला उघडता यायला हवं. १९९० साली आलेली ८० मालिकेची लँड क्रूझर दोन टनांहून जड, पण तिनंही पुढे अखंड ॲक्सल आणि तोच पोलादी गोल कायम ठेवला. मराठी वाचकालाही ही रचना अगदीच परकी नाही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जोडल्या जाऊ लागलेल्या विलीस जीपच्या पुढच्या ॲक्सललाही असाच गोल होता, आणि त्याच्या कडेनं धूळ पुसत राहणारी फेल्टची कडी होती. कोकणातल्या पावसात आणि घाटांत त्या जीपगाड्या चालत राहिल्या, यात या उघडता येण्याजोग्या सांध्याचाही वाटा होता.

त्या गोलाच्या आत बसणारा हा सांधा लागतो कशासाठी? पुढच्या चाकाला एकाच वेळी दोन कामं करायची असतात, फिरायचं आणि वळायचं. रॉबर्ट हूक यांचं नाव लागलेला सतराव्या शतकातला साधा क्रॉस-सांधा कोनात फिरवता येतो खरा, पण एका बाजूनं एकसारखी गती दिली तरी दुसऱ्या बाजूला ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा घटते. प्रोपेलर शाफ्टवर असे दोन सांधे एकमेकांचा दोष झाकतील असे बसवता येतात. चाकापाशी तेवढी जागा नसते आणि कोनही मोठा असतो, त्यामुळे स्टिअरिंगला हिसके बसतील. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आल्फ्रेड रझेप्पा या अभियंत्यानं यावर देखणा तोडगा काढला. एका वाटीत सहा पोलादी गोळ्या, त्यांना धावायला वक्र खोबणी, आणि कोन कितीही बदलला तरी सगळ्या गोळ्यांना त्या कोनाच्या बरोबर दुभाजक प्रतलात धरून ठेवणारा पिंजरा. गोळ्या तिथे राहिल्या की आत येणारी आणि बाहेर जाणारी गती सारखीच राहते. लँड क्रूझरवाले ज्याला बर्फील्ड म्हणतात, तो हाच सांधा. त्या चाकापर्यंत पोचणारं इंजिनाचं सगळं बळ त्या सहा गोळ्यांच्या टेकण्याच्या बिंदूंवर येतं. त्यांच्या आणि झिजेच्या मध्ये असतो तो फक्त मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा थर. सील गेलं की डिफरन्शिअलमधलं गिअर ऑइल या ग्रीसमध्ये झिरपतं, ग्रीस पातळ होतं आणि गोळ्यांवरून निसटून जातं. म्हणून बाहेरून दिसणारी गळती खरं तर आतल्या उपासमारीची बातमी असते.

आता ते उघडणं जवळून पाहू. हबच्या तोंडाशी असलेल्या ड्राइव्ह फ्लँजचे सहा नट काढले तरी फ्लँज हलत नाही, कारण प्रत्येक नटाखाली निमुळता, एका बाजूनं चिरलेला कोन-वॉशर पाचरीसारखा घट्ट बसलेला असतो. इथे नुसती ताकद लावून भागत नाही. पितळेची दांडी घेऊन स्टडच्या टोकावर मोजका ठोका दिला की तो वॉशर टुणकन वर उडी मारतो. पितळ अशासाठी, की ठोक्याचा घाव पितळानं सोसावा, स्टडच्या आट्यांनी नाही. पुढे बेअरिंगचा नट येतो. त्याला ५४ मिलिमीटरचा सॉकेट लागतो, आणि त्याआधी लॉक-वॉशरची दुमडलेली कड सरळ करावी लागते. कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळू न देता तारेनं बांधून ठेवायचा. चाक धरून वळवणाऱ्या स्टिअरिंग नकलच्या वरच्या आणि खालच्या बेअरिंगखाली कागदासारख्या पातळ शिम असतात. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्या वेगवेगळ्या, नाव घालून ठेवायच्या, कारण ॲक्सल त्या गोलाच्या मधोमध बसतो की तिरका, हे त्यांच्यावर ठरतं. पुन्हा जोडताना तो नकल वळवायला किती जोर लागतो हे साध्या ताणकाट्यानं मोजून पाहायचं. या सगळ्यात एक गोष्ट जाणवते. ज्यानं ही रचना केली, त्यानं ती कधीतरी कुणीतरी उघडणार आहे हे गृहीत धरलं होतं. तो अनोळखी माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. मला यात फार मोठा आदर दिसतो.

सांधा स्वच्छ धुऊन उजेडात धरला की जबाब वाचता येतो. गाडी बहुतांश आयुष्य पुढेच जात असते, म्हणून प्रत्येक खोबणीच्या एकाच कडेवर गोळ्यांच्या खुणा उमटतात, आणि मागे जाताना लागणारी कड जवळजवळ नवी राहते. पूर्ण वळणावर टकटक वाजणारे सांधे अनेक मालक डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवतात. बाजू बदलली की फिरण्याची दिशा बदलते, आणि आजवर विसावलेली कड भार घेऊ लागते. खड्डे खोल गेले असतील तर हा उपाय पुरत नाही. पण झीज उथळ असेल तर नवं पोलाद न वापरता सांध्याला आणखी आयुष्य मिळतं. आणखी महत्त्वाचा धागा सीलपासून दूर, ॲक्सलच्या माथ्यावर असतो. तिथे हवा येण्याजाण्यासाठी एक लहानसा ब्रीदर असतो. तो मातीनं बुजला की चालून तापलेल्या ॲक्सलमधली फुगलेली हवा तेलाला सीलवरून बाहेर ढकलते. आणि तशी तापलेली गाडी थंड नदीत उतरली की आतली हवा आकसते, तेव्हा तीच सीलं पाणी आत ओढून घेतात. नवं सील बसवून ब्रीदर तसाच बुजलेला ठेवला, तर पुढच्या नदीनंतर गळती पुन्हा दारात. दुरुस्तीच्या कागदावर फक्त ‘सील बदललं’ एवढंच लिहिलेलं असतं. नदी किती खोल होती आणि गाडी ती ओलांडण्याआधी निवायला थांबली होती की नाही, हे कुठल्याच कागदावर नसतं. ते चालवणाऱ्याच्या आठवणीत असतं. परिणाम आणि कारण यांची गाठ त्याच्याच हातात पडते.

यावर पहिला आक्षेप धोक्याचा, आणि तो अत्यंत गंभीर आहे. ज्या भागाला हात घालायचा, त्यात ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही आहेत. शिवाय डोक्यावर दोन टनांचं लोखंड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली दबून घरच्या अंगणात माणसं मेली आहेत, आणि ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक आयोगानं त्याबद्दल लोकांना वारंवार सावध केलं आहे. या बाबतीत मी एक पाऊलही मागे येणार नाही. सपाट कठीण जमीन, मागच्या चाकांना अडसर, वजनाला पुरतील असे स्टँड, ठरलेल्या बळानं आवळलेले बोल्ट आणि थोडं अंतर चालवून पुन्हा केलेली तपासणी, यातलं काहीही वगळायचं असेल त्यानं पान्याला हात लावू नये. मात्र धोका आहे म्हणून अज्ञानच बरं, असा निष्कर्ष निघत नाही. बेअरिंग जास्त आवळलं तर हब तापतो. हे ज्यानं स्वतः आवळून पाहिलंय, तो प्रवासात थांबल्यावर हबपाशी हात नेऊन ताप जोखतो. ज्यानं कधीच उघडलेलं नाही, त्याला ती ऊब काय सांगते हे कळणार कसं?

दुसरा आक्षेप असा की हे काम कसबी माणसाचं, त्याचं त्याला करू द्यावं. कसबी मिस्त्रीच्या बोटांना जे कळतं ते हौशी माणसाला वर्षानुवर्षं कळणार नाही, हे मान्य. डिफरन्शिअलमधल्या क्राउन आणि पिनियन गिअरांचा मेळ बसवणं हे डायल गेज आणि सरावाचं काम. ते वर्कशॉपमध्येच जावं, आणि त्याची मजुरी आनंदानं द्यावी. पण सीमा ओळखायला आधी सीमेपर्यंत जावं लागतं. आपला ॲक्सल उघडून पाहिलेला माणूस मिस्त्रीकडे जातो तेव्हा नेमका प्रश्न घेऊन जातो, आणि कसबाची किंमत त्याला इतरांपेक्षा जास्त कळते.

तिसरा आक्षेप आधुनिकतेचा. आजचे सांधे रबरी बुटात बंदिस्त येतात, त्यांना वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही, आणि बिघडले तर अख्खा शाफ्ट बदलला की झालं. शहरातल्या गाडीसाठी हे योग्यच आहे. त्यात वेळ वाचतो, चूक होत नाही. पण बंदिस्त वस्तूचं आयुष्य तिच्या सर्वांत दुबळ्या भागाएवढंच असतं. रबर फाटून धूळ शिरली की निरोगी पोलादही भंगारात जातं. उघडता येणारी वस्तू भागाभागानं म्हातारी होते आणि भागाभागानं नवी होते. तीस वर्षांनंतर त्या ॲक्सलमध्ये सील, बेअरिंग, ग्रीस सगळं अनेकदा बदललेलं असतं, पण घडवलेला पोलादी गोल तोच असतो.

चौथा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो. जुनी डिझेल गाडी जिवंत ठेवणं म्हणजे तिचा धूरही जिवंत ठेवणं. शहरात रोजच्या ये-जा करण्यासाठी ती वापरू नये, असंच माझं मत आहे. पण जिथे दुसरं वाहन जाऊ शकत नाही अशा मोजक्या, गरजेच्या वाटांसाठी ती राहणार असेल, तर निदान नदीत तेल ठिबकत जाऊ नये. उतरलेलं तेल गटारात न टाकता संकलन केंद्रावर न्यावं. वापरलेलं तेल परत गोळा करण्याची राष्ट्रीय व्यवस्था ऑस्ट्रेलियात २००१ पासून आहे. गळका ॲक्सल तसाच दामटणं हे दुरुस्तीपेक्षा कधीही जास्त घाणेरडं.

जुलै २०२२ पासून ऑस्ट्रेलियात गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र वर्कशॉपना देणं उत्पादकांना बंधनकारक झालं. कायदा चांगलाच आहे. पण तो २००२ पासून बनलेल्या गाड्यांसाठी आहे आणि मुख्यतः व्यावसायिकांसाठी आहे. ८० मालिकेच्या गाडीला त्याची गरजच पडली नाही, कारण तिच्या छापील मॅन्युअलमध्ये प्रत्येक शिम, प्रत्येक बोल्टचं बळ आणि झिजेची प्रत्येक मर्यादा दिलेली आहे, वाचेल त्याच्यासाठी. जी माहिती एकेकाळी यंत्रासोबत सहज यायची, ती मिळवायला आता कायदा करावा लागतो, यात आपण काय गमावलं ते दिसतं. यंत्र विकत घेताना त्याचा वेग, आराम, डॅशबोर्डवरचा पडदा यांची चौकशी आपण करतो. ते उकलतं का, उकलून पुन्हा जोडता येतं का, आणि कसं ते सांगायला त्याचा कर्ता तयार आहे का, हेही तितक्याच आग्रहानं विचारायला हवं. आणि ज्यांच्या दारात असं उकलणारं यंत्र आधीच उभं आहे, त्यांनी मॅन्युअल वाचून, पुरेशी साधनं जमवून, जाणत्याला सोबत घेऊन ते एकदा तरी स्वतः उघडावं. आपण त्याला कसं वागवलं हे तिथे लिहिलेलं असतं, आणि ते वाचल्यावर पुढच्या नदीच्या काठावर गाडी निवेपर्यंत थांबायला कुणी सांगायची गरज पडत नाही.