अर्ज आणि ओळख

वाचकहो, पोटासाठी गाव सोडणे ही गोष्ट आमच्या भागास नवी नाही. आमचा अफजलपूर तालुका भीमेच्या काठी वसलेला आहे. एका अंगास कलबुर्गी, दुसऱ्या अंगास महाराष्ट्रातील अक्कलकोट आणि त्यापलीकडे सोलापूर. बाजारात कन्नड, घरात मराठी आणि मोटारस्थानकावर दखनी उर्दू, अशा तीन भाषांत आमचा दिवस उगवतो व मावळतो. सोन्नच्या बंधाऱ्याचे पाणी ज्यांच्या शेतास पोहोचते, ते ऊस लावतात; बाकीच्यांची भिस्त तूर आणि ज्वारी यांवर, म्हणजे शेवटी पावसावर. म्हणून दरमहा ठरल्या दिवशी हाती पडणारा पगार, मग तो लहान का असेना, आमच्या घरांत फार मोलाचा मानला जातो.

हा पगार मिळवावा कसा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीने निरनिराळे दिले आहे. कलबुर्गी जिल्हा निजामाच्या संस्थानात होता, तेव्हा सरकारी चाकरीसाठी ‘मुल्की’ असल्याचा दाखला लागे. आपण याच मुलखाचे आहोत हे त्या कागदाने सिद्ध करावे लागे. मुंबईच्या गिरण्यांची वाट धरली, तर तेथे जॉबर, म्हणजे मुकादम, भेटे. तो आपल्या गावच्या, आपल्या नात्यागोत्याच्या माणसांना साच्यावर लावी आणि त्याबद्दल दस्तुरीही घेई. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही कामगार आयोगाच्या अहवालात या लाचखाऊ पद्धतीवर कडक टीका झाली, आणि १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी मुंबईत ‘कूड’ उभे केले. प्रत्येक कूड एकेका गावाचा. बोटीवरील काम मिळेपर्यंत खलाशाने तेथे पेटी ठेवावी, सायंकाळी सर्वांबरोबर रोझरी म्हणावी, आणि कोणती बोट केव्हा निघणार याची बातमी तेथेच ऐकावी. कूड म्हणजे नुसता निवारा नव्हे. ती बातमीची पेठ होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम ओळखीपाळखीच्या हातून काढून घेण्याचा प्रयत्न केला. १९५९ साली कायदा होऊन रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे पुष्कळ मालकांवर बंधनकारक झाले. पुढे संगणक आला. १९९७ साली ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले आणि २०१५ साली केंद्र सरकारने ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ उघडले. आता अफजलपूरच्या मुलीने घरच्या ओसरीवर बसून पुण्याच्या किंवा बंगळूरच्या जागेसाठी अर्ज करावा, आणि तिचा बाप कोण, गाव कोणते, हे न विचारता तिची परीक्षा व्हावी, असे आश्वासन या नव्या साधनाने दिले. हे आश्वासन थोर आहे यात शंका नाही. तथापि ते कितपत फळास येते, हे आम्ही आमच्या घरातच पाहिले.

आमची एक पुतणी कलबुर्गीच्या महाविद्यालयातून बी. कॉम. झाली. तिच्या वडिलांची चार एकर कोरडवाहू तूर. तिच्या पाठीवर दोन भावंडे. परीक्षेचा निकाल लागल्यापासून तिने अर्ज करण्यास आरंभ केला. एका दोनशे पानी वहीत ती प्रत्येक अर्जाची नोंद ठेवी: तारीख, संस्थेचे नाव, पद आणि उत्तर. अकरा महिन्यांत एकशे त्रेचाळीस अर्ज झाले. ‘उत्तर’ या रकान्यात बहुधा काही नसे. नऊ ठिकाणांहून अर्ज पोहोचल्याचा यांत्रिक निरोप आला. दोन ठिकाणांहून दूरध्वनी आला. त्यांपैकी एकाने दहा मिनिटे चौकशी करून “कळवतो” म्हटले. ते अद्याप कळवीत आहेत. दुसऱ्याने मात्र मोठ्या गोड आवाजात तिचे अभिनंदन केले, नेमणूकपत्र तयार असल्याचे सांगितले, आणि प्रशिक्षणाची अनामत म्हणून साडेतीन हजार रुपये त्याच दिवशी पाठविण्यास फर्माविले.

त्या रात्री घरात जो वाद झाला, तो आम्ही विसरणार नाही. तिची आई कानांतील फुले काढून देण्यास तयार झाली. पुतणीने वही मिटली आणि म्हणाली, “काका, जो पगार देणार तो आधी माझ्याकडेच पैसे कसा मागतो?” या एका प्रश्नाने आईची फुले कानांतच राहिली. वाचकहो, हा प्रश्न प्रत्येक घराने पाठ करावा असे आम्हांस वाटते. नोकरी देणारा प्रामाणिक मालक उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कोणी फसलाच, तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

आणखी एक गोष्ट तिच्या मनास खात होती. ती एकदा आम्हांस म्हणाली, “नको म्हणाले असते तरी चालले असते. पण अर्ज वाचतो तरी कोण?” नकाराचे दुःख सोसता येते, आपण आहोत की नाही याचीच कोणास वार्ता नसावी, हे दुःख निराळे. पाऊस न पडल्यास शेतकरी निदान आकाशाकडे पाहतो. येथे पाहावयाचे कोठे?

नोकरी शेवटी लागली ती अशी. तिचे वडील दरवर्षी तूर दुधनीच्या बाजारात नेतात. तेथील एका अडत्याच्या पेढीवरील दिवाणजींशी त्यांची ओळख वर्षातून दोनतीन वेळांची. काट्यावर पोती चढेपर्यंत चहा घेण्यापुरती. त्या दिवशी दिवाणजींनी सहज विचारले, “थोरली आता काय करते?” आमचे बंधू स्वभावाने मानी. कोणापुढे हात पसरणे त्यांस ठाऊक नाही. तरी त्यांनी खरे ते सांगितले. दिवाणजी म्हणाले, “सोलापुरात माझा मेहुणा एका गोदामाच्या कचेरीत आहे. त्यांना हिशेबास माणूस हवे आहे, आणि कर्नाटकातले व्यापारी पुष्कळ म्हणून कन्नड बोलणारे हवे आहे. मुलीला विचारा.”

पुतणीने वही उघडली. एकशे सतरावा अर्ज त्याच कचेरीस केलेला होता! मेहुण्याने चौकशी केली, तेव्हा कळले की दोन जागांसाठी एका आठवड्यात सहाशेंवर अर्ज आले होते. कारकुनाने वरचे पन्नाससाठ पाहून बाकीचे तसेच ठेवले होते. अर्ज शोधून काढण्यात आला. तिला बोलावणे आले. तीन तास टॅलीवर हिशेब करवून घेतले, वस्तू व सेवा कराचे प्रश्न विचारले, एका व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये बोलावयास लावले. बोलाविलेल्या चौघांत तिची निवड झाली. पगार साडेचौदा हजार. पहिल्या महिन्यात तिने धाकट्या भावाची परीक्षेची फी भरली.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो तिनेच प्रथम उभा केला. “लोक म्हणतील, वशिल्याने लागली.” आम्ही यावर पुष्कळ विचार केला. वशिला आणि ओळख या दोन गोष्टी एकाच दारातून आत येतात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते. परंतु त्यांचे काम अगदी उलट आहे. वशिला म्हणतो, “याची परीक्षा घेऊ नका.” ओळख म्हणते, “हिची परीक्षा तरी घ्या.” वशिल्याने लायक माणसाची जागा नालायकास मिळते; ओळखीने अंधारात पडलेला लायक माणूस उजेडात येतो. दिवाणजींनी तिच्यासाठी शब्द टाकला नाही. त्यांनी केवळ एक बातमी सांगितली. पुढचे तीन तास तिचे एकटीचे होते. ज्या दिवशी कोणी त्या तीन तासांची सूट मागेल, त्या दिवशी ओळखीचा वशिला झाला असे समजावे.

हा अनुभव आमच्या एकट्याचा नव्हे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतील न्यूटन या शहरात नोकरी बदललेल्या माणसांस विचारले, तेव्हा शंभरांतील ५६ जणांनी आपणांस नोकरी ओळखीतून कळल्याचे सांगितले. नवल पुढेच आहे. ती बातमी ज्यांनी दिली, त्यांना ही माणसे किती वेळा भेटत असत? वरचेवर भेटणारे सुमारे १७ टक्के. बाकीचे कधीमधी किंवा क्वचितच भेटणारे. १९७३ साली त्याने यावर निबंध लिहिला. त्याचे कारणही सरळ आहे: जे आपणांस रोज भेटतात, त्यांस जे ठाऊक तेच आपणांसही ठाऊक असते. नवी बातमी पारावरून येत नाही. ती दुसऱ्या गावच्या काट्यावरून येते. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात, लिंक्डइन या संकेतस्थळावरील सुमारे दोन कोटी लोकांवर केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत आला. त्यातही अगदी जवळच्या संबंधांपेक्षा मध्यम सैल संबंध नोकरीस अधिक उपयोगी पडतात असे दिसले. म्हणजे संगणकाने ओळख नाहीशी केली नाही. तिला नवा रस्ता दिला एवढेच.

परंतु आमचे मन येथे थांबत नाही. आमच्या बंधूंच्या शेतावर खुरपणीस येणाऱ्या बाईचा मुलगा पुतणीच्याच वर्गात होता. गुण तिच्याहून चार अधिकच. त्याचे अर्जही शंभराच्या घरात गेले. त्याच्या आईस कोणत्या अडत्याने चहा पाजावा? जिच्याकडे विकावयास पोते नाही, तिची दुधनीशी ओळख कोठून होणार? शेत जसे वारशाने मिळते, तशी ओळखही वारशाने मिळते. आणि ज्यास शेत नाही, त्यास बहुधा ओळखही नाही. मात्र या दोहोंत एक मोठा भेद आहे. शेत वाटून दिले तर आपले उणे होते. बातमी वाटून दिली तर आपल्याजवळ जेवढी होती तेवढीच राहते.

म्हणून ज्यांच्या घरी पगार येतो, त्यांच्यावर एक साधे ऋण आहे असे आम्ही मानतो. आपल्या कचेरीत, कारखान्यात, रुग्णालयात जागा निघाली, की ती आपल्याच घरातील मुलाची वाट पाहत दडवून ठेवू नये. गावात निरोप द्यावा. ज्याच्या घरी कोणी विचारणारे नाही, त्याच्या दारी आधी द्यावा. मुंबईच्या कुडांत जे खलाशांनी केले, ते आम्हां गावकऱ्यांस मोबाइलच्या युगात करता येऊ नये काय?

मुलामुलींसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. अर्ज करणे सोडू नका. पुतणीचा अर्ज तेथे नसता, तर शोधून काढावयाचे तरी काय होते? मात्र एकच अर्ज शंभर ठिकाणी टाकू नका. मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा यंत्रच आधी अर्ज चाळते. जाहिरातीत जे काम ज्या शब्दांत मागितले आहे, ते तुम्हांस येत असेल तर त्याच शब्दांत लिहा. येत नसेल ते लिहू नका. प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा. सरकारी नोकरीची इच्छा असेल, तर आमच्या भागासाठी २०१२ साली झालेल्या ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (जे) आला आहे. जन्माने किंवा रहिवासाने येथील असलेल्यांस त्यामुळे नोकऱ्यांत राखीव जागा मिळतात. त्याचा दाखला जाहिरात निघण्यापूर्वीच काढून ठेवा. आजोबांचा मुल्की दाखला आणि नातवाचा हा दाखला, कागद बदलला तरी दक्षता तीच लागते. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांस आपल्या नोकऱ्यांसाठी पात्र धरले आहे. आपले गाव त्या यादीत आहे किंवा नाही, हे तपासून पाहा.

आणि भाषेचा अभिमान धरताना दुसऱ्या भाषेचा कंटाळा करू नका. कर्नाटकाच्या लोकसेवा परीक्षांत कन्नडचा पेपर चुकत नाही. शिवाय पुतणीस सोलापुरात जागा मिळाली ती मराठी येते म्हणून नव्हे. सोलापुरात मराठी सर्वांसच येते. तिला कन्नडही येते म्हणून मिळाली. सीमेवर राहणे ही आपली अडचण आहे असे आपण नेहमी ऐकतो. दोन्ही काठांची बोली बोलणारा माणूस नदीच्या दोन्ही काठांस हवा असतो, हे आपण आपल्या मुलांस अधिक वेळा सांगावयास हवे.

तो मजुरणीचा मुलगा आता कलबुर्गीस एका औषधांच्या ठोक दुकानात मालाची नोंद ठेवतो. जागा निघाल्याची बातमी त्यास पुतणीने दिली. तिला ती गोदामात माल पोहोचविणाऱ्या एका मालमोटारीच्या चालकाकडून कळली होती. मुलाखत त्याने आपली आपण दिली.