मुखपृष्ठावरील नाव

आमच्या नावावर दोन विनोदी कादंबऱ्या आहेत. दोन्ही आम्ही पदरमोड करून छापल्या आणि खांद्यावरच्या पिशवीतून महाविद्यालये, ग्रंथालये व स्नेह्यांची घरे पालथी घालून स्वतःच विकल्या. तिसरी कादंबरी ऐतिहासिक आहे. पानिपतच्या १७६१ च्या पराभवानंतर हिशेबाच्या वह्या सांभाळत पुण्याकडे परतणाऱ्या एका कारकुनाची ती कथा. तिच्यासाठी सहा वर्षे आम्ही मोडी कागदांशी झटापट केली. पुस्तक छापून होण्यापूर्वी तिची थोडी वाच्यता व्हावी म्हणून एका महाविद्यालयात आम्ही तिच्यातील उपासमारीचे प्रकरण वाचले. परिचय करून देणाऱ्यांनी ‘आपले लाडके विनोदी लेखक’ असे म्हटले होते. पहिल्याच वाक्याला सभागृह हसले. दुसऱ्यालाही हसले. तिसऱ्या परिच्छेदापाशी मुले गप्प झाली. पण ती शांतता गांभीर्याची होती की निराशेची, हे आम्हांस कळले नाही.

त्यानंतर मुद्रकाचा निरोप आला : मुखपृष्ठावर नाव कोणते घालायचे? घरातून सूचना झाली की या खेपेस टोपणनाव घ्यावे. सूचना शहाणपणाची होती. तरीही उत्तर देण्याआधी आम्ही कपाटातून मार्क ट्वेन काढला. स्वतःची पुस्तके स्वतः छापणारा, स्वतःचा डंका स्वतः पिटणारा आणि इतिहासाच्या वाटेला जाणारा विनोदी लेखक म्हटला की त्याच्यापाशीच जावे लागते.

‘द प्रिन्स अँड द पॉपर’ ही ट्यूडरकालीन इंग्लंडवरची त्याची कादंबरी १८८१ मध्ये निघाली. प्रकाशक म्हणून नाव बोस्टनच्या ऑसगुडचे होते, परंतु छपाईचा खर्च ट्वेनचा होता. पुढे १८८४ मध्ये त्याने थेट प्रकाशनसंस्थाच काढली आणि भाचीच्या नवऱ्याचे, चार्ल्स वेब्स्टरचे नाव तिला दिले. या संस्थेचे विक्रेते नमुन्याची प्रत घेऊन दारोदार हिंडत आणि पुस्तक छापून होण्यापूर्वीच गिऱ्हाइकांची नोंदणी करीत. ‘हकलबरी फिन’ असे विकले गेले, जनरल ग्रँटच्या आठवणी अशाच विकल्या गेल्या आणि आर्थर राजाच्या दरबाराची टर उडवणारी १८८९ ची ‘कनेक्टिकट यांकी’ही. आमची पिशवी ही त्या परंपरेतलीच, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

अशा माणसाने १८९५ मध्ये केलेली गोष्ट म्हणूनच विचार करायला लावते. जोन ऑफ आर्कवरची त्याची कादंबरी त्या वर्षीच्या एप्रिलपासून ‘हार्पर्स’ मासिकात क्रमशः येऊ लागली, ती त्याच्या नावाविना. जोनचा सोबती स्यूर लुई द काँत याच्या आठवणींचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी होती. ट्वेनचे नाव पाहताच वाचक हसायला सज्ज होतील आणि ज्या मुलीची त्याने मनोभावे पूजा मांडली होती तिच्याकडे गंभीरपणे पाहणार नाहीत, ही त्याची धास्ती होती. तोवर त्याची संस्था बुडाली होती (१८९४), अक्षरजुळणीच्या एका यंत्रापायी मोठी रक्कम गेली होती आणि कर्ज फेडण्यासाठी तो व्याख्याने देत जगभर फिरत होता. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत नॉव्हेल्टी थिएटरच्या रंगमंचावर उभा होता. एकीकडे त्याच्या नावावर तिकिटे विकली जात होती. दुसरीकडे त्याची सर्वांत जिवाची कादंबरी मासिकात निनावी चालली होती. त्याच दशकात पुण्यात हरिभाऊ आपटे ‘उषःकाल’ ही आपली ऐतिहासिक कादंबरी स्वतःच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून देत होते. हरिभाऊंना मात्र विनोदाच्या लौकिकाचे ओझे नव्हते.

ट्वेनचा संकोच खरा होता, पण पूर्ण नव्हता. त्या काल्पनिक स्यूर लुई द काँतची आद्याक्षरे सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्सच्या आद्याक्षरांशी तंतोतंत जुळतात. दडायचे, परंतु धोतराचा सोगा दिसेल असे! पुष्कळांनी लेखक ओळखला आणि १८९६ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा नाव उघड झालेच. आपल्या साऱ्या पुस्तकांत हेच आपल्याला अधिक आवडते, असे तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. टीकाकारांनी त्याचे ऐकले नाही. शॉने तर १९२४ मध्ये ‘सेंट जोन’च्या प्रस्तावनेत त्याच्या या भक्तिभावाचा समाचार घेतला.

आम्ही कादंबरी पुन्हा वाचली. शॉ चुकला, असे म्हणवत नाही. जोन समोर आली की ट्वेनची भाषा हात जोडते आणि तिच्यातला जीव जातो. मात्र त्याच कादंबरीत ‘पॅलॅडिन’ नावाचा एक बढाईखोर गावकरी आहे. खाणावळीत बसून तो आपले पराक्रम सांगतो आणि दर रात्री ते फुगत जातात. थोडक्यात, तो स्वतःची जाहिरात करणारा इसम आहे. ही पाने जिवंत आहेत, कारण इथे ट्वेनला स्वतःला विसरावे लागले नाही. जोन या फुशारक्यालाच आपले निशाण देते आणि काँपिएन्यच्या वेशीपाशी तो तिच्यासाठी लढता लढता मरतो. आधी त्याला हसलो नसतो, तर त्याच्या मरणाने आम्ही हललो नसतो. कादंबरीतील हा एवढा भाग ट्वेनच्या धास्तीला परस्पर उत्तर देतो.

मग आम्ही आपले हस्तलिखित काढले. त्यातला कारकून सहाशे पानांत एकदाही हसत नव्हता. तो गंभीर होता म्हणून नव्हे. आम्ही त्याला हसू दिले नव्हते म्हणून. भुकेने व्याकूळ झालेला माणूस हरवलेल्या घोड्यांचाही वैरणखर्च वहीत चोख मांडतो, यात हसू आहे आणि त्याच हशात आकांतही आहे. सभागृहातली मुले पहिल्या दोन वाक्यांना हसली, ती कदाचित आमच्यापेक्षा नीट वाचत होती. चूक त्यांच्या हसण्यात नव्हती. त्या हसण्याला पुढे कोठे न्यावे, याची सोय आम्ही केली नव्हती.

छपाई चार महिने लांबली. कागदाचे दर वाढल्याने पदरचे आणखी पैसे गेले. उपासमारीचे प्रकरण नव्याने लिहून झाले आहे आणि त्याच महाविद्यालयाने पुन्हा बोलावले आहे. मुद्रकाला आम्ही कळवले, की मुखपृष्ठावर आमचेच नाव घाला. टाइप मात्र पूर्वीपेक्षा लहान नको.