महिरपी कंस

मराठीच्या प्राध्यापकाने गणितापासून चार हात दूर राहावे, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे. समारंभ असला की सूत्रसंचालन आमच्याकडे, अहवाल असला की शुद्धलेखन आमच्याकडे, आणि सहकाऱ्यांच्या मुलामुलींच्या लग्नपत्रिकांचा मजकूर तर हक्काने आमच्याकडे. आकडेमोडीचे मात्र कुणी विचारत नाही. पगाराच्या कागदावरची वजाबाकी बरोबर आहे की नाही, हेसुद्धा आम्ही कॉमर्सवाल्यांना विचारतो. तेव्हा कॉलेजच्या संकेतस्थळावर गणिताची सूत्रे नीट दिसावीत म्हणून जी खटपट झाली तिच्यात माझा हात होता, हे सांगितले तर आमच्या घरातसुद्धा कुणाचा विश्वास बसत नाही.

त्याचे असे झाले. आमच्या कॉलेजात गणिताचे एक जुने सर होते. निवृत्त होऊन त्यांना पुष्कळ वर्षे झाली. मराठी शाळांतून येणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी त्यांनी मराठीत टिपणे लिहून ठेवली होती. दोनशे पानी अशा अकरा वह्या. शाळा मराठीतून आणि कॉलेज इंग्रजीतून, या दोन काठांमधल्या ओढ्यावर सरांनी टाकलेला तो साकव होता. त्या वह्यांच्या झेरॉक्स, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स असे करीत पिढ्यान्‌पिढ्या मुले तो साकव ओलांडत आली. अलीकडे त्या प्रती इतक्या पुसट झाल्या होत्या की अधिक कोणते आणि भागिले कोणते, हे अंदाजानेच ठरवावे लागे.

दरवर्षी पहिल्या सत्रानंतर दोनचार मुले गणित सोडून दुसरा विषय घेतात. त्यांतली काही माझ्या वर्गात येऊन बसतात, म्हणून मला ती ठाऊक. त्यांना डोके नसते असे मुळीच नाही. मराठीतून 'सीमा' म्हणजे काय ते विचारा, घडाघडा सांगतील. अडते ते पुस्तकातल्या वाक्यापाशी. वाक्य कळत नाही म्हणून गणित सुटते, आणि मग जन्मभर सांगत राहायचे की आम्हाला गणित जमले नाही! मला याचे नेहमीच वाईट वाटत आले आहे.

तेव्हा सरांच्या वह्या संकेतस्थळावर घालायच्या, म्हणजे मुलांना आपापल्या मोबाइलवर वाचता येतील, असे कॉलेजात ठरले. गणित विभागातले तरुण सहकारी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, मराठी तुम्ही बघा, गणित मी बघतो." वाटणी सरळ होती. मी होकार दिला.

मराठी उत्तम उतरले. गणित उतरेना. कागदावर ऐटीत उभी असलेली सूत्रे संगणकाच्या पानावर येताच भुईसपाट होत. वर्गमूळाचे छप्पर उडून जाई. वरच्या मजल्यावरचा छोटासा दोन खाली उतरून क्षच्या शेजारी मांडी घालून बसे. संकेतस्थळावरच्या जुन्या पानांत कुणीतरी सूत्रांची चित्रे करून चिकटवली होती. पण तीही ओळीत नीट बसत नव्हती. जमिनीवर पंगत बसलेली असताना मध्येच कुणी खुर्ची टाकून जेवायला बसावे, तसे दिसे ते. शिवाय मोबाइलवर चित्र मोठे केले की पुसट होई, म्हणजे पुन्हा झेरॉक्सच!

कुणी म्हणेल, एवढे काय बिघडले? सूत्र एका ओळीत लिहिले तर अर्थ थोडाच बदलतो? बदलतो, आणि कसा बदलतो हे सांगायला मात्र मराठीचाच प्राध्यापक हवा. 'एक भागिले दोन क्ष' असे एका ओळीत लिहून पाहा. एकाला दोन क्षने भागायचे, की एक द्वितीयांशाला क्षने गुणायचे? क्षची किंमत चार धरली तर पहिल्या वाचनाने उत्तर येते एक अष्टमांश आणि दुसऱ्याने येतात पूर्ण दोन. आमच्याकडे याला समासाचा विग्रह म्हणतात. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. पण मंत्रातल्या 'इंद्रशत्रू' या शब्दाचा स्वर चुकला. 'इंद्राला मारणारा' याऐवजी 'इंद्र ज्याला मारणारा' असा विग्रह झाला, आणि बिचारा वृत्र इंद्राच्या हातून मेला. एका स्वराने मुलगा गेला. गणितात एका आडव्या रेघेने उत्तर जाते. ती रेघ म्हणजे नुसती शोभा नव्हे. कोण वर आणि कोण खाली, हे सांगणारे ते व्याकरण आहे.

गंमत अशी की हे जगभर पसरलेले संकेतस्थळांचे जाळे जन्मले तेच मुळी शास्त्रज्ञांच्या घरी. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली त्याची कल्पना मांडली. चहूकडे पदार्थविज्ञानाची माणसे, फळे सूत्रांनी भरलेले. आणि नव्या पानांवर सूत्राला मात्र जागाच नाही! पुढे १९९८ साली सूत्रे लिहिण्याची एक अधिकृत रीत ठरली. पण ती रीत सगळ्यांनी पाळायला आणखी कितीतरी वर्षे गेली. क्रोमसारख्या घरोघरच्या ब्राउझरने ती मनावर घेतली २०२३ साली. मधल्या काळात ज्या साधनाने हे काम निभावले, आणि आजही जे निभावते, त्याचे नाव मॅथजॅक्स. अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाने केलेल्या अशाच एका आधीच्या साधनावरून ते तयार झाले. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसारख्या संस्थांनी पाठबळ दिले, आणि २०१० साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. विशेष म्हणजे ते फुकट आहे. ज्या कॉलेजात खडूच्या पेटीसाठीसुद्धा अर्ज करावा लागतो, तिथे या गुणाचे महत्त्व मी काय वर्णावे?

ते बसवायचे म्हणजे काहीतरी अवघड असेल, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात पानाच्या माथ्यावर एक ओळ घालायची असते. आपण पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितो ना, तशी. वाचणाऱ्याला ती दिसत नाही. पण पान उघडले की ती ओळ त्या मदतनिसाला हाक मारते. तो येतो, सबंध पान वाचून काढतो, आणि जिथे उलटी तिरकी रेघ व तिच्यापुढे कंस दिसेल तिथे समजतो की आता सूत्र आले. या खुणेसाठी पूर्वापार डॉलरचे चिन्ह वापरीत. पण एका वाक्यात दोन वस्तूंच्या किमती डॉलरमध्ये आल्या, की त्यांच्या मधला सगळा मजकूर सूत्र समजून गिळला जाई! म्हणून मॅथजॅक्स आपण सांगितल्याशिवाय एकट्या डॉलरकडे लक्ष देत नाही. आपल्या रुपयाच्या चिन्हावर असला प्रसंग नाही, याचा मला उगाचच अभिमान वाटला.

आत सूत्र लिहायचे ते साध्या शब्दांत. अपूर्णांक हवा असेल तर अपूर्णांकाचा शब्द लिहायचा आणि त्यापुढे महिरपी कंसांच्या दोन जोड्या. पहिल्या जोडीत अंश, दुसरीत छेद. रेघ किती लांब हवी ते सांगावे लागत नाही. वरचा-खालचा मजकूर पाहून तो आपणच ओढतो. एक अट मात्र कडक. उघडलेला प्रत्येक कंस मिटला पाहिजे. नाही मिटला, तर सूत्राच्या जागी पिवळ्या पट्टीवर तांबड्या अक्षरांत तक्रार येते. असा शिस्तीचा मास्तर मराठी वाक्यांनाही मिळाला असता, तर निम्मी उत्तरपत्रिका मला तपासावी लागली नसती!

हे व्याकरण मॅथजॅक्सचे स्वतःचे नव्हे. ते आले डोनाल्ड कनूथ यांच्याकडून. संगणकशास्त्रावरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघायची होती. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली, देखणी. १९७७ साली नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रिते हातात पडली, आणि त्यांतली अक्षरे पाहून या गृहस्थांचे मनच उडाले. आपला ग्रंथ अशा अक्षरांत निघायचा नाही, असे म्हणून त्यांनी लिहिणे बाजूला ठेवले आणि संगणकाकडून अक्षरजुळणी करवून घेण्याची पद्धत स्वतःच रचायला घेतली. वर्षभरात आटपेल असा अंदाज होता. लागली सुमारे दहा वर्षे. तिचे नाव टेक. तिच्या आवृत्त्यांचे क्रमांकही ३.१४, ३.१४१ असे पायच्या किमतीकडे सरकत जातात. आपल्या मागे क्रमांक पाय हाच ठेवावा आणि मग तिला कुणी हात लावू नये, अशी त्यांची इच्छा आहे. ग्रंथातले अक्षर वाईट दिसते म्हणून आयुष्याची दहा वर्षे घालणाऱ्या माणसाविषयी मला फार जवळीक वाटली. मुंबईत निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देवनागरी टाइप सुबक व्हावा म्हणून असाच जीव टाकला होता.

देवनागरीवरून आठवले. सरांच्या वह्यांत काही सूत्रे शब्दांत होती. वेग म्हणजे अंतर भागिले काळ, अशी. तो 'वेग' सूत्राच्या कंसात घातला मात्र, त्याची पार दैना झाली. व एकीकडे, ग दुसरीकडे, आणि मात्रा बिचारी ठिपक्यांच्या एका वर्तुळावर निराधार लटकलेली. तरुण सहकारी हताश झाले. पण कारण अगदी सरळ होते. सूत्रात प्रत्येक अक्षर म्हणजे एक स्वतंत्र राशी. तेव्हा यंत्राने 'वेग'चे तुकडे करून त्यांचा गुणाकार मांडला. त्यावर उपायही व्याकरणातच होता. 'हा मजकूर आहे' असे सांगणारा एक शब्द लिहायचा आणि आपला शब्द महिरपी कंसात ठेवायचा. तसे करताच वेग, अंतर आणि काळ आपापल्या मात्रा-अनुस्वारांसह जागेवर येऊन बसले.

"पण मॅडम," सहकारी म्हणाले, "सूत्रांत मराठी विचित्र नाही का वाटत?"

मी त्यांना भास्कराचार्यांची आठवण करून दिली. सिद्धांतशिरोमणी ११५० सालचा. त्यातल्या बीजगणितात अज्ञात राशीला 'यावत्‌तावत्‌' म्हणतात आणि लिहिताना नुसते 'या' लिहितात. दुसरी अज्ञात राशी आली की रंगांची नावे; काळ्याचा 'का', निळ्याचा 'नी'. अपूर्णांक वर-खालीच मांडायचे, फक्त मधली रेघ नसे. आणि चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तसा शिलालेखच आहे. परीक्षेला उपयोगी पडावीत म्हणून राशींची अक्षरे आम्ही रोमनच ठेवली. शब्द मात्र सगळे सरांचे.

पहिली वही पुरी झाली तेव्हा आम्ही दोघे सरांकडे गेलो. सरांची नजर आता फार अधू झाली आहे. स्वतःच्याच वह्या त्यांना वाचता येत नाहीत. सहकाऱ्यांनी पान उघडून टॅब्लेट त्यांच्या हातात दिला आणि दोन बोटांनी सूत्र मोठे करून दाखवले. ते चित्र नव्हे, खरी अक्षरे. त्यामुळे कितीही मोठे केले तरी रेघ न्‌ रेघ स्वच्छ. सरांनी पान डोळ्यांजवळ धरले. एक एक सूत्र त्यांच्या ओठांवरून जाऊ लागले. बाईंनी आणलेला चहा निवला. तासाभराने ते थांबले आणि म्हणाले,

"इथे एक पायरी नाही."

आम्ही वही काढून पाहिली. वहीतही ती नव्हती.

"नसणारच," सर म्हणाले. "ती मी फळ्यापाशी तोंडाने सांगत असे. लिहायची गरजच वाटली नाही. आता मी फळ्यापाशी नाही. घाला ती."

आणि ते सांगू लागले. सूत्र सहकाऱ्यांनी लिहून घेतले, वाक्य मी. किती सोपे वाक्य होते ते! माझ्यासारखीला कळले, म्हणजे कुणालाही कळेल. अशा तोंडी पायऱ्या पहिल्या वहीत तेवीस निघाल्या. झेरॉक्सवर झेरॉक्स काढीत राहिलो असतो, तर त्या सरांबरोबरच राहिल्या असत्या, आणि आपल्या हातून काय निसटले हे आम्हाला कधी कळलेही नसते.

गेल्या महिन्यात वाचनालयाबाहेरच्या पायरीवर पहिल्या वर्षाची एक मुलगी मोबाइल घेऊन बसलेली दिसली. मला वाटले, असेल काही गाणीबिणी. जवळून जाताना पाहिले तर सरांची दुसरी वही उघडलेली. मला पाहून उठली.

"मॅडम, सांतत्याचे प्रकरण पुढच्या वहीत आहे ना? ती कधी येणार? परीक्षा जवळ आलीय."

तिला तारीख सांगितली आणि घरी आल्याबरोबर कामाला बसले. आजवर चार वह्या झाल्या, सात राहिल्या आहेत. सर रोज सकाळी नऊला फोन करतात. कशा आहात, पाऊस आहे का, असले काही विचारत नाहीत. नुसते म्हणतात, "हं, लिहा."