विळा, पावशी आणि पावसाळा

मृगाचा पाऊस लागला की घरोघरी छत्र्या बाहेर निघतात, पण कोपऱ्यातल्या विळ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आता बहुतेक घरांत स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्या आल्या आहेत. तरी आमच्याकडे आजीची लोखंडी पावशी आहे (आमच्या नागपूरकडे विळीला पावशी म्हणतात), दोन विळे आहेत आणि लाकडे फोडायची कुऱ्हाड आहे. ही सारी लोहाराच्या ऐरणीवरची. ट्रकचे जुने पाटे ठोकूनही लोहार अशी हत्यारे करतो. या पोलादाला धार सुरेख लागते, बोथटली तर दगडावर घासून लगेच परत येते. भांडण आहे ते फक्त गंजाशी.

आजी दुसऱ्यांच्या शेतात निंदण-कापणीला जात असे. मजुरी मालकाची, पण विळा मात्र ज्याचा त्याचा, ही गोष्ट शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. ठेक्याच्या कापणीत जेवढे कापाल तेवढे पैसे. सोयाबीनचे वाळलेले खोड मोठे टणक असते. बोथट विळ्याने दुपारपर्यंत मनगट भरून येते आणि मागून आलेल्या बाया पुढे निघून जातात. गंज सर्वांत आधी धारच खातो, कारण तीच सर्वांत पातळ. मग लोहाराकडे पाजवायला न्यायचे तर त्याचे पैसे वेगळे आणि अर्धा रोज बुडाला तो वेगळा. म्हणून शेतातून आल्यावर आजी पाय धुण्याआधी विळा पुसायची. "इळा वला ठेवू नोको वो माय," हे आम्हा भावंडांच्या कानांत अजून बसले आहे.

गंज म्हणजे लोखंड, हवेतला प्राणवायू आणि ओल यांचा मेळ. मीठ लागले तर तो अधिक वेगाने धावतो, आणि घामातही मीठ असतेच. स्टेनलेसमध्ये दहा-अकरा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असते. त्याचा अदृश्य पापुद्रा पोलादाला झाकून ठेवतो. आपल्या विळ्याला हे कवच नाही, आणि गंज स्वतः भुसभुशीत असल्याने आतल्या लोखंडाला राखत नाही, उलट ओल धरून ठेवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा दुर्लक्ष झाले तरी चालते. जून ते सप्टेंबर मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

या भागात लोखंडाचे काम काही आजचे नाही. नागपूर जिल्ह्यातच पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नैकुंड आहे. तेथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती अडीच हजार वर्षांहूनही जुनी मानतात. विदर्भातल्या शिळावर्तुळांतून कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी निघाल्या आहेत. त्या बनवणाऱ्यांनाही पावसाळ्याची हीच चिंता असणार!

आता डागांविषयी. कैरी, आवळा, केळफूल चिरले की पावशी काळीनिळी पडते आणि फोडीही काळ्या होतात. पुष्कळ भगिनी घाबरून ती फोड टाकून देतात. ते विष नव्हे. फळातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच तत्त्वावर बनत असे. पात्यावरचा हा काळसर थर घासून काढण्याच्या भानगडीत पडू नये, तो गंजाला थोडाफार अडवतो. लाल डाग दिसला तर मात्र लगेच हात चालवावा. राख किंवा विटेची भुकटी ओल्या चिंधीवर घेऊन घासावी. गंज जुना असेल तर चिंच आणि मीठ लावून थोडा वेळ ठेवावे, पण नंतर भरपूर पाण्याने धुवावे. आंबट आणि मीठ पात्यावर राहिले तर औषधच रोग होते. संत्री चिरल्यावरही तेच, सुरी तशीच ताटात टाकून गप्पा मारू नयेत.

पाते वाळवायला चुलीवर धरण्याची काहींना सवय असते. ते जपून करावे. पाते निळसर होईपर्यंत तापले की त्याचे पाणी उतरते, मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. कोरड्या फडक्याने पुसून थोडा वेळ हवेवर ठेवणे बरे. पोत्यात किंवा चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवू नये, दोन्ही ओल धरतात.

तेलाचे म्हणाल तर विळ्या-कुऱ्हाडीला शिलाई मशीनचे तेल चालते. पावशीला मात्र खाण्याचेच तेल लावावे, तेही पुसटसे. जास्त लावले तर चिकट होऊन धूळ धरते. आमच्या घरी जवसाचे तेल वापरतात. ते हवेने सुकून पापुद्रा धरते, म्हणून पाते आणि लाकडी मूठ दोन्हींना उत्तम. बोटभर चिंधीने लावावे, जादा पुसून घ्यावे आणि दोन-तीन दिवस सुकू द्यावे. त्या तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाच्या तेलाचे बोळे आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. चिंधी पसरून उन्हात वाळवा, किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

आणि शेतात विळा लागला, तर गंज होता की नव्हता याचा वाद घालत बसू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, चकचकीत पात्यावरूनही ते जखमेत जातात. जखम साबणाने धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्या.